सरांचं ‘आय ॲम कमिंग’

आमचे हे एका जागी बसतील तर शपथ. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण अजून वर्गात असल्यासारखे फिरतात. हॉलमधून अंगण, अंगणातून फाटक, फाटकावरून परत हॉल. हातात खडू नाही, एवढाच फरक. मी ओरडते, "अहो, फरशी झिजन ना बाप्पा!" तर चालता चालताच म्हणतात, "झिजन नाही. झिजेल."

मी भीमपूरकडची. माहेरी कापूस, ज्वारी आणि सगळ्यांच्या तोंडात ‘मले-तुले’. लग्न होऊन आदिलाबादला मास्तरांच्या घरात आले आणि यांनी लगेच माझं ‘मले’ काढून तिथं ‘मला’ बसवलं. नवी नवरी होते, ऐकून घेतलं. आता शेजारणी म्हणतात, दमयंतीबाई किती शुद्ध बोलतात. पण राग आला की सगळं शुद्ध बाजूला पडतं आणि माझं ‘मले’ वर येतं. आमचा चिराग लहानपणी माझ्या तोंडून ‘मले’ ऐकलं की गुपचूप दुसऱ्या खोलीत पळायचा.

हे म्हणजे हेमचंद्र सर. आधी जैनथला, मग बोथला, मराठी शाळांमधून इंग्रजी शिकवलं. शेतातून धावत आलेली, पायाला चिखल लागलेली पोरं, आणि हे त्यांच्यापुढे इस्त्रीचा शर्ट घालून उभे. ओरडायचे खूप, मारायचे नाहीत. अजून रैतू बाजारात भाजी घ्यायला गेलं की मिशा पिकलेला एखादा माणूस वांग्यांचा ढीग सोडून उठतो आणि यांच्या पाया पडतो. हे त्याला आशीर्वाद देत नाहीत. विचारतात, "कमचं तिसरं रूप काय रे?" तो बिचारा घाम पुसत सांगतो, "कम, केम, कम, सर." मग कुठे यांचं समाधान होतं आणि मला टोमॅटो घेऊ देतात.

‘कम’चा धडा म्हणजे यांचा जीव की प्राण. तो मला तोंडपाठ आहे, कारण शाळेत शिकवायच्या आधी हे तो स्वयंपाकघरात माझ्यावर म्हणून बघायचे. मी भाकरी थापतेय आणि हे दारात उभे. "कम म्हणजे येणे, गो म्हणजे जाणे, इतकं सोपं नाही ते. पाय कोणाचे, कान कोणाचे, ते बघायचं. ऐकणाऱ्याकडे पाय निघाले तर कम. त्याच्यापासून लांब निघाले तर गो." मी म्हणायची, "बरं." "आणि काळ बघायचा. आय विल कम म्हणजे येईन, अजून नुसतं मनात आहे. आय ॲम कमिंग ऑन मंडे म्हणजे ठरलं, पिशवी भरली, गाडीची चौकशी झाली. आणि वार न सांगता नुसतं आय ॲम कमिंग म्हटलं तर?" मी भाकरी उलटवायची. "तर काय?" "तर माणूस निघाला! चप्पल पायात आहे, रस्त्यात आहे. वार नसेल तर त्याचा अर्थ आत्ता." एवढं सांगून झालं की हे खुशीत फाटकापर्यंत फेरी मारून यायचे.

आता दुसरी गोष्ट सांगते, ती या घराची. आमच्या घरात बाहेर पडणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतो. तुमच्याही घरी तेच असेल म्हणा. आमच्या वाड्यात... नाही, वाडा कुठला, कॉलनीतलं चार खोल्यांचं घर आमचं, आमच्या गल्लीत सगळेच तसं म्हणतात. तेलुगू शेजारी ‘पोयोस्ता’ म्हणतात, जाऊन येतो. पलीकडच्या खालाजान ‘आतौं’ म्हणतात, म्हणजे येते. पण यांचं भलतंच कडक. कोणाच्या तोंडून चुकून ‘जातो’ निघालं की त्याला फाटकातून परत बोलावायचं, खाटेवर बसवायचं, घोटभर पाणी पाजायचं आणि मग ‘येतो’ म्हणवून सोडायचं. एकदा गॅसचा सिलिंडर आणणारा माणूस "जातो मॅडम" म्हणाला, तर त्याचीही सुटका झाली नाही. इंग्रजी शिकलेला माणूस, विज्ञानाच्या गप्पा मारतो, ग्रहणात चहा पितो, पण या एका शब्दाला भितो. मी चिडवायची, तर म्हणायचे, "भितो वगैरे काही नाही. ऐकायला बरं वाटत नाही, बस."

चिराग आमचा एकुलता एक. हैद्राबादला कंपनीत आहे. सून भाग्यलक्ष्मी, निर्मलची, तेलुगू. पोरगी गुणाची आहे, मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी तिच्यावर ठपका ठेवायला नको. त्यांची मुलगी देवश्री. तिला इंग्रजी येतं, आईशी तेलुगू बोलते. मराठी नाही. त्यावरूनच ते महाभारत झालं.

दिवाळीला सगळे इथं आले होते. घर पाहुण्यांनी भरलेलं. देवू तेव्हा एवढीशी. माझ्या पदराला धरून म्हणाली, "आजी, नीळ्ळु." पाणी मागत होती पोर. मी दिलं. पण यांनी ऐकलं, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर भाग्यलक्ष्मीला म्हणाले, "माझ्या नातीला माझ्या घरात पाणी म्हणता येत नाही? काय शिकवतेस तू तिला?" सून खाली मान घालून उभी राहिली. तिच्या हातात फराळाची ताटं होती, ती तशीच राहिली. मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही.

चिराग उठला. "बाबा, तिला कशाला बोलता? मराठी मी शिकवायला पाहिजे, आणि मी कोणाकडून शिकलो? जेवताना ‘पास मी द सॉल्ट’ म्हटल्याशिवाय मला मीठ मिळायचं नाही या घरात. तुम्ही माझ्याशी मराठीत बोललात कधी?"

खरं होतं ते. पोराचं इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून यांनी तसंच केलं होतं. पण खरं बोललं की जास्त लागतं ना! हे तरातरा अंगणात गेले, परत आले, आणि म्हणाले, "तुझ्या घरात माझी भाषा नसेल तर मी तुझ्या घरी येणार नाही. कधीच येणार नाही."

"नका येऊ," चिराग म्हणाला.

दुपारीच त्यांची गाडी निघाली. त्या दिवशी फाटकात कोणी ‘येतो’ म्हटलं नाही आणि कोणी ‘जातो’ही म्हटलं नाही. हैद्राबाद काही परदेश नाही. सकाळी बस धरली की दुपारी माणूस तिथं. पण तेव्हापासून हे एकदाही गेले नाहीत, आणि मी तरी काय करणार? मला म्हणायचे, "तुला जायचं तर जा की." जा की म्हणे! नवऱ्याला उपाशी टाकून लेकाकडे गेली म्हणून भीमपूरपर्यंत बोभाटा झाला असता. मी मुकाट्यानं राहिले. देवूचे दात पडले, नवे आले, ते मी फोनवर बघितलं.

फोन भाग्यलक्ष्मीनं सुरू केला. तिला कोणी सांगितलं नव्हतं. दर रविवारी सकाळी ती व्हिडिओ लावून देवूला समोर बसवायची. चिराग कधी समोर आला नाही. मागून नुसता त्याचा हात दिसायचा, नाहीतर वर्तमानपत्र. पण देवू आणि आजोबा! काय गप्पा चालायच्या. सगळ्या इंग्रजीत. हे शनिवारपासून तयारी करायचे. केस कापून घ्यायचे, शर्टाला इस्त्री. मी बाजूला बसून अर्धं समजायची, अर्धं हसण्यावरून ओळखायची. रविवारचा तो फोन झाला की मग आठवडाभर हे माझ्याशी तेच बोलायचे. "देवू म्हणाली, माय टूथ केम आऊट. बघ, केम म्हणाली! भूतकाळ बरोबर!"

फोन ठेवायची वेळ आली की हे काय म्हणायचे, ते ऐका. ‘बाय’ नाही म्हणायचे. "बाय हे काय वाक्य आहे? त्यात कर्ता नाही, क्रियापद नाही." ‘आय ॲम गोइंग’ तर जिभेवर येणंच शक्य नव्हतं, लहान लेकराला तर मुळीच नाही. मग उरलं काय? हे हात जोडायचे, हसायचे आणि म्हणायचे, "ओके देवू, आय ॲम कमिंग." म्हणजे आपलं ‘येतो’. देवू हात हलवायची. मलाही ते ऐकायला गोड वाटायचं. एवढ्या इंग्रजीत आपलं काहीतरी आहे, असं वाटायचं.

आणि एका रविवारी देवू फोनवर आलीच नाही. भाग्यलक्ष्मी म्हणाली, झोपलीय. पुढच्या रविवारी म्हणाली, डान्सच्या क्लासला गेलीय. त्याच्या पुढच्या वेळी फोन लागला, आणि मागून मला देवू चालत जाताना दिसली. हाक मारली तर तिने वळून बघितलं, आणि दुसऱ्या खोलीत गेली. दार लावल्याचा आवाज आला.

यांचा चेहरा बघवेना. "माझं काही चुकलं का?" मला विचारलं. मला! चुकलं का असं या माणसानं मला जन्मात कधी विचारलं नव्हतं. मग सुरू झाल्या फेऱ्या. आधी अंगणापर्यंत होत्या, आता गल्लीच्या टोकापर्यंत. सकाळी चहा अर्धा टाकून उठायचे. दुपारी झोपायचे नाहीत. फोन हातात घेऊन बघायचे आणि पालथा घालून ठेवायचे. थोड्या वेळानं परत घ्यायचे. एकदा बाहेर गेले ते दोन तास आले नाहीत. शेजारचा वैभव रिक्षा चालवतो, तो म्हणाला, "काकू, सर बसस्टँडवर उभे दिसले. हैद्राबादच्या गाडीजवळ. गाडी गेली, सर तिथंच." घरी आल्यावर विचारलं तर म्हणाले, "पाय मोकळे करायला गेलो होतो." पाय मोकळे करायला बसस्टँडवर कोण जातं? कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, धूळ नुसती.  माझंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. वरण दोनदा लागलं, आणि भाजीवालीशी कोथिंबिरीवरून भांडले. एरवी मी कोथिंबिरीवरून भांडत नाही.

असेच एकदा हे बाहेर गेलेले असताना मीच भाग्यलक्ष्मीला फोन लावला. म्हटलं, "बाई, मला खरं सांग. आमच्यावर राग आहे का तुझा? दिवाळीचा?"

"अय्यो, नाही अत्तम्मा," ती म्हणाली. तिचं मराठी तुटकं आहे, मध्ये तेलुगू, मध्ये हिंदी, मी अत्तम्मा, म्हणजे सासूबाई, आणि हे मामय्या. पण ऐकणाऱ्याला सगळं कळतं. "तुम्हाला वाईट वाटणार म्हणून मी खोटं बोलले. देवूचा राग आहे. मामय्यावर."

"का पण?"

मग तिने सांगितलं. देवू दर रविवारी फोन झाला की पाण्याची बाटली घेऊन खाली जायची. ही समजायची, खेळायला गेली. ती खेळायला जात नव्हती. गेटजवळ वॉचमनच्या खुर्चीशेजारी बसायची. वॉचमननं विचारलं तर म्हणाली, "माय आजोबा इज कमिंग." जेवायच्या वेळेला आई हाक मारायची, तेव्हा वर यायची. दर रविवारी. शाळेत बाईंनी घरच्या माणसांबद्दल बोलायला सांगितलं, तर तिने उभं राहून सांगितलं की आज माझे आजोबा येणार आहेत. दुसऱ्या दिवशी मुलांनी विचारलं, आले का? मग हसले तिला. त्या दिवशी घरी येऊन आईला म्हणाली, "आजोबा टेल्स लाइज. आय डोन्ट वॉन्ट टू टॉक." "आणि रडली नाही, अत्तम्मा," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "रडली असती तर बरं होतं."

हे आले तेव्हा मी दारातच उभी होते. सगळं सांगितलं. हे खुर्चीच्या पाठीला धरून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले काय माहीत आहे?

"पण येतोचं भाषांतर तेच होतं ना. येतो. आय ॲम कमिंग. व्याकरणात काही चूक नाही."

बास. माझं शुद्ध मराठी तिथंच संपलं.

"चूक नाई? मले काय शिकवलं होतं तुमी? मी भाकरी करून राह्यली होती अन् तुमी दारात उभे राहून सांगितलं होतं. वार न सांगता आय ॲम कमिंग म्हटलं तर काय होते? सांगा न! आता काऊन गप झाले? माणूस निघाला, चप्पल पायात हाय, रस्त्यात हाय! पोट्टी तेच समजली. तुमच्या शाळेतल्या पोट्ट्यायपेक्षा चांगलं समजली! अन् बसली गेटावर!"

हे चालायला लागले. मी समोर आडवी उभी राहिले. म्हटलं, आज नाही, आज फेऱ्या नाही.

"मी पुढच्या वेळी बाय म्हणेन," हे हळू आवाजात म्हणाले.

"पुढची वेळ कोठून येईन? ते पोरगी बोलून राह्यली का तुमच्यासंगं?"

"मग मी काय करू? मी त्याला सांगितलंय, येणार नाही म्हणून."

"कोणाले सांगितलं? चिरागले. अन् देवूले काय सांगितलं? एकच तोंड हाय न तुमचं? लेकाले म्हणते येणार नाही, नातीले म्हणते निघालो. यातलं एक तर खोटं हाय. कोणतं खोटं ठेवता ते तुमीच ठरवा. मी काही म्हणत नाही."

काही म्हणत नाही म्हणून मी आणखी बरंच काही म्हटलं, ते इथं सांगण्यासारखं नाही. हे ऐकत राहिले. चुकीच्या क्रियापदांवर एकदाही बोट ठेवलं नाही. संध्याकाळभर हे कॉटवर बसून होते, नुसते बसून, आणि खरं सांगते, मला त्याचीच जास्त भीती वाटली. मी दोनदा उगाच खोलीत जाऊन आले.

सकाळी उठून बघते तर हे इस्त्रीचा शर्ट घालून, पायात बूट, अंगणात उभे. हातात माझी पिशवी. त्यात माझ्या दोन साड्या कोंबलेल्या, त्यातली एक फाटकी. मी म्हटलं, "कुठं?" तर म्हणाले, "लवकर कर. गाडी सुटेल." फाटकी साडी काढून मी चांगली घेतली आणि निघाले. 

बसमध्ये हे तीन वेळा उठून ड्रायव्हरपर्यंत जाऊन आले. कंडक्टर म्हणाला, "पेद्दायना, कूर्चोंडी." बसा हो आजोबा, म्हणजे. निर्मलचा घाट आला तेव्हा कुठे टेकले. मग मला विचारलं, "त्याने दार उघडलं नाही तर?" मी म्हटलं, "भाग्यलक्ष्मी उघडेल." "आणि देवूनं तोंड फिरवलं तर?" मी म्हटलं, "कामारेड्डी येऊ द्या, चहा घेऊ." कामारेड्डीला चहा घेतला, तो यांनी हातातच थंड केला.

दार देवूनंच उघडलं. उंच झाली होती. फोनमध्ये उंची कळत नाही. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे. जवळ आली नाही. मागे वळून आईला ओरडून म्हणाली, "अम्मा, ही केम."

हे तोंड उघडायला लागले. मला माहीत होतं काय येणार ते. आत्ताच आलेल्या माणसाला ‘ही हॅज कम’ म्हणतात, हेही मी भाकऱ्या करताना ऐकलंय. मी यांच्या कोपराला असा चिमटा काढला की शब्द परत आत गेले. देवूनं पुन्हा म्हटलं, स्वतःशीच, "ही केम."

आतून चिराग आला. बापलेक एकमेकांसमोर उभे. हे बूट काढायच्या निमित्तानं नाडीशी खेळत बसले, वर बघेचनात. चिरागने माझ्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाला, "या, बाबा."

एवढंच. मी पटकन स्वयंपाकघरात गेले आणि भाग्यलक्ष्मीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. ती बिचारी एका हातानं मला थोपटत होती आणि दुसऱ्या हातानं दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बंद करत होती.

तुम्हाला वाटेल, झालं, गळ्यात पडली असेल नात. कुठली! देवू काही सहज सोडणारी नाही, आजोबांचीच नात ती. दोन दिवस ती यांच्याशी कामापुरतंच बोलली. हे आपले बाल्कनीतून हॉल, हॉलमधून बाल्कनी. ती गालिच्यावर बसून चित्र काढायची आणि यांचे पाय जवळून गेले की मान न वर करता ते पाय बघायची. तिसऱ्या दिवशी तिने रंगाची पेटी बंद केली आणि सरळ विचारलं, "आजोबा, व्हेन आर यू गोइंग?"

हे जागच्या जागी थांबले. ‘गोइंग’ हा शब्द या माणसाच्या घरात कोणी उच्चारत नाही, आणि ही एवढीशी पोर तोंडावर विचारतेय. मी म्हणणार होते, बाळा, असं विचारू नये. पण तिच्या चेहऱ्यावर खोडी नव्हती. तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं.

"ऑन थर्सडे," हे म्हणाले.

"ओके," ती म्हणाली, आणि सरकून बसली. बाजूला जागा केली. हे त्या गालिच्यावर मांडी घालून बसले आणि जेवायला हाक मारेपर्यंत उठले नाहीत. मी घड्याळाकडे बघितलं नाही, पण चिरागनं माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. त्यानंही आपल्या बापाला इतका वेळ बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

गुरुवार आला. येणारच होता.  आता दारात हे काय म्हणणार? ‘आय ॲम कमिंग’ म्हटलं तर पोरगी परत बाटली घेऊन खाली जाऊन बसेल. ‘बाय’ म्हणतील का? म्हणतील, पण जीभ वळली पाहिजे ना. यांचंही तेच चाललं असणार, कारण चपलेचा जोड... बुटाचा जोड घालायला यांना इतका वेळ लागला की चिराग लिफ्टपर्यंत जाऊन परत आला. सगळे दारात जमलो. देवू मध्ये उभी.

हे वाकले. तिच्या डोळ्यांसमोर डोळे आणले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "देवू. आय ॲम गोइंग."

 सगळ्या संसारात मी या माणसाच्या तोंडून ते ऐकलं नव्हतं. पाणी आणायला माझा पाय आत वळलासुद्धा. पण देवूनं मान हलवली. "ओके, आजोबा." चेहरा शांत. पहिल्यांदाच तिला यांच्याकडून असं वाक्य मिळालं होतं की जे बोललं ते आणि तेच होणार होतं. आणि म्हणून यांचे डोळे भरले, तिचे नाही.

मग ती माझ्याकडे वळली. "आजी, आर यू ऑल्सो गोइंग?"

माझी एक चप्पल पायात होती, एक हातात. खांद्याला पिशवी. मी त्या लेकराकडे बघितलं. आणि काय झालं मला कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "नो. आय नॉट गोइंग."

हे सरळ झाले. माझ्या वाक्यातला ‘ॲम’ कुठे गेला, ते विचारतील असं मला वाटलं. नाही विचारलं. "म्हणजे?" एवढंच म्हणाले.

"म्हंजे मी राहून राह्यली. तुमी जा."

"अगं, पण घर? जेवणाचं?"

"घर तुमी पाहा. कुकर लावता येते तुमाले. अन् मले न्यायले या."

भाग्यलक्ष्मीनं पटकन माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, मी विचार बदलेन म्हणून की काय. देवू यांच्याकडे बघत होती. हसत नव्हती, अजून नाही. तिने विचारलं, "व्हेन आर यू कमिंग?"

हे माझ्याकडे बघत राहिले, मग चिरागकडे. कधीच येणार नाही म्हणाले होते ते त्याच्याकडे. आणि म्हणाले, "ऑन संडे."

देवूनं माझा हात धरला. चिरागने लिफ्टचं दार हातानं अडवून धरलं होतं, लिफ्ट टुंग टुंग वाजत होती. "बाबा, रविवारी सकाळचीच गाडी धरा," तो म्हणाला. "मी बसस्टँडवर घ्यायला येतो."